सुभेदार रामजी आणि आमचे दादा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितले की, तुमच्या वडिलांवर दोन शब्द बोला. त्यांनी आपल्या पेन्शनीतून या विहाराला पुस्तकांचे कपाट करून दिले, त्याची आठवण स्मरणिकेत राहिली पाहिजे. आम्ही गिरणी कामगार माणूस. गेटसभेत बोलायची सवय आहे, पण आपल्याच बापाचे गुण चारचौघांत गायचे म्हणजे जीभ अडखळते. म्हणून आम्ही असे ठरवले की, बाप कसा असावा हे आमचे दादा ज्यांच्याकडे पाहून शिकले, त्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळांची आठवण आधी काढावी. दरवर्षी 14 एप्रिलला आपण बाबासाहेबांचा जन्म साजरा करतो. सुभेदारांचे नाव मात्र पाळण्याच्या गाण्यापुरते घेतो आणि पुढे जातो. आज जरा थांबू या.

सुभेदारांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. वडील मालोजीही लष्करातच होते. रामजी शिकले, लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर राहिले आणि सुभेदार पदापर्यंत चढले. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे त्यांचे चौदावे अपत्य जन्मले, ते भीमराव. पुढे 1892च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या नोकरीने आपल्या माणसाला दोन अक्षरे आणि अंगावर चांगला कपडा दिला, तीच वाट बंद झाली. रामजी गप्प बसले नाहीत. त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन या हुकुमाविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. म्हणजे बाबासाहेबांच्या आधी त्यांच्या घरात अर्ज लिहिणारा, हक्क मागणारा माणूस होता, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

निवृत्तीनंतर सुभेदार दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. 1896 साली भीमाई गेल्या. चौदा लेकरांपैकी तेव्हा पाचच हयात होती. बलराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. आत्या मीराबाईंनी लेकरांना सांभाळले. सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर नोकरीला होते. 1901 साली सुट्टीत बापाला भेटायला लेकरे आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणीच आले नाही. कळवल्याचे पत्र बापाच्या हाती पडलेच नव्हते. लेकरांची जात कळताच गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे दिले, गाडी लेकरांनीच हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. आम्ही ती वाचतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे त्या बापाचा चेहरा येतो. लेकरे दारात उभी राहिली आणि काय काय झाले ते सांगू लागली, तेव्हा त्याला काय वाटले असेल?

1904च्या सुमारास सुभेदारांनी बिऱ्हाड मुंबईला आणले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्यातच चूल, त्यातच भांडीकुंडी, जाते आणि एक शेळीसुद्धा. गिरण्यांचा भाग, रात्री उशिरापर्यंत गलका. मग बाप काय करायचा? मुलाला लवकर झोपवायचा, स्वतः दोन वाजेपर्यंत जागा राहायचा, दोनला मुलाला अभ्यासाला उठवायचा आणि मग त्याच्या जागी स्वतः आडवा व्हायचा. मुलाला पुस्तक हवे असेल आणि हातात पैसा नसेल, तर सुभेदार लग्न झालेल्या लेकीकडे जायचे. तिच्याकडे उसने पैसे नसले तर तिला दिलेला दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. उपासिकांनो, त्या लेकींचीही आठवण ठेवा. त्यांच्या पाटल्या-बांगड्यांवर हे शिक्षण उभे राहिले.

सुभेदार कबीरपंथी होते. घरात रामायण-महाभारताचे वाचन चाले. भीमरावांना ते पटत नसे आणि ते बापाला तसे तोंडावर विचारत.  आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येतो, तो जावा म्हणून लहान घरातून मोठे झालेले द्रोण, कर्ण, वाल्मीकी तू वाच, असे त्यांचे सांगणे असे. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाने बापाला विचारले की, बुद्धाचे वाङ्मय आमच्या हाती का दिले नाही? 1956 साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हे नमूद केले आहे. ज्या घरात लेकराला बापाला प्रश्न विचारता येतो, त्याच घरातून पुढे धम्माची वाट निघाली.

आता एक गोष्ट खास आम्हा गिरणीवाल्यांसाठी. साताऱ्याला असताना भीमरावांना बापाचे दुसरे लग्न रुचले नाही. त्यांनी ठरवले की, पळून मुंबईला जायचे आणि गिरणीत कांड्या भरणाऱ्या पोरांत नोकरी धरायची. भाड्याला पैसे नव्हते. आत्याच्या कमरेची पिशवी चोरायचा तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. आत निघाला अर्धा आणा! तिथेच त्यांनी निश्चय केला की, आता मन लावून शिकायचे आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे.

मंडळी, आम्ही मात्र तिथे थांबलो नाही. आम्ही गिरणीत गेलो.

आमचे दादा पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले, जमादार झाले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची नोकरी कोणाच्या मेहेरबानीने लागली नव्हती. 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे निवेदन दिले. त्यात आपल्या माणसांना लष्कर, आरमार आणि पोलिसात घ्यावे अशी मागणी होती. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. रामजींनी जो अर्ज केला, तो असा त्यांच्या मुलाने पुरा केला. दादा खाकी चढवताना पट्टा आवळायचे आणि म्हणायचे, "ही वर्दी सुभेदारांची उसनवारी आहे, डाग पडू द्यायचा नाही."

27 जुलै 1978 रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आपल्याच जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. दादा बंदोबस्तावर. कित्येक दिवसांनी घरी आले आणि पट्टासुद्धा न सोडता उंबऱ्यावर बसून राहिले. आम्ही तेव्हा लहान होतो. विचारलं, "दादा, तुम्ही कोणाच्या बाजूनं?" ते म्हणाले, "ज्याचं घर जळतंय त्याच्या बाजूनं. पण हात कायद्यानंच उचलायचा, लेकरा." त्या दिवसांत त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली, एवढे आम्हाला आठवते.

पहाटे चारला ते आम्हाला अभ्यासाला उठवायचे. रात्रपाळी करून आले तरी आधी कंदील पुसायचे. आम्ही दहावीला गणितात नापास झालो. दादा म्हणाले, "एकदा परत बस. फी मी भरतो, तू फक्त बस." आम्हाला लाज वाटली आणि हातात पैसाही हवा होता. आम्ही बदली कामगार म्हणून गिरणीत नाव घातले. पहिला पगार त्यांच्या हातावर ठेवला तेव्हा ते खूश होतील असे वाटले होते. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. मायकडे दिल्या आणि बाहेर निघून गेले. पुढे गिरणीही बंद पडली. भोंगा गेला, हाती राहिले हिशेबाचे कागद.

नामांतराच्या मोर्चात आम्हाला पकडले तेव्हा ठाण्यात दादाच वहीवर बसले होते. एकेकाचे नाव लिहीत होते. आमची पाळी आली. वर न पाहता विचारले, "बापाचं नाव?" आम्ही सांगितले. त्यांनी लिहून घेतले. रात्री स्वतःच्या पैशाने सगळ्या पोरांना पिठलं-भाकरी आणली, आम्हाला सगळ्यांच्या शेवटी वाढली. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. त्या दिवशी ते आम्हाला एवढेच म्हणाले, "तुझं नाव वहीत लिहिलं, त्याचं चीज झालं."

निवृत्तीनंतर त्यांनी कपाट दिले आणि ते भरायला आम्हालाच लावले. चाळिशीच्या जवळ आलेला माणूस, दहावी नापास, या विहारातल्या चटईवर बसून वाचायला लागला. आज आम्ही चार शब्द बोलतो ते त्या कपाटाच्या जिवावर.

सुभेदारांचा शेवट तुम्हाला ठाऊक आहे. मुलाने बडोद्याला नोकरीला जाऊ नये असे त्यांना वाटत होते. 1913च्या जानेवारीत भीमराव गेले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना बापासाठी बर्फी घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोहोचले. बापाने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी प्राण सोडला. मुलगा कोलंबिया विद्यापीठात गेला तो त्याच वर्षी. बापाला ते बघायला मिळाले नाही.

दादा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना वेळेचे भान राहिले नव्हते. पहाटे जाग आली की विचारायचे, "पोरगी उठली का?" आमची मुलगी, त्यांची नात, तेव्हा परीक्षेचा अभ्यास करीत होती. आम्ही म्हणायचो, "उठली, दादा." मग ते झोपायचे.

बंधूंनो, आमच्याकडे दागिना नाही आणि पेन्शनही नाही. पण एक करता येईल. आपल्या वस्तीत अजूनही एका खोलीत राहणारी घरे आहेत. या विहाराचा सभामंडप परीक्षेच्या दिवसांत रात्रभर उघडा ठेवावा, दिवा चालू ठेवावा आणि रोज दोन बापांनी आळीपाळीने जागे राहावे, अशी समितीला आमची विनंती आहे. पहिली पाळी आमची लिहून घ्या. रात्रपाळीची सवय आहे.