अथांग सागरतळीचे एक बारसे



बेळगाव-निपाणीच्या पठारावर राहणाऱ्या आपणां मंडळींना समुद्र तसा दूरचा. वेंगुर्ल्याला किंवा पणजीला जाणे घडले म्हणजे त्याचे दर्शन व्हावयाचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध, अशी आपली समजूत असते. परंतु जिल्ह्याचा नकाशा उलगडून पाहावा. खानापूर तालुक्यात पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. एक वाटा मलप्रभेतून कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जातो. दुसरा म्हादईबरोबर गोव्यात उतरून पणजीजवळ पश्चिमसमुद्राला मिळतो. निपाणीजवळून वाहणारी वेदगंगाही अखेर कृष्णेच्याच ओटीत जाते. आपल्या अंगणातले पाणी असे दोन्ही समुद्रांचे आहे. म्हणून समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका इवल्याशा जीवाची हकिगत आज मी सांगणार आहे, ती परक्या घरची म्हणून आपण ऐकू नये, एवढी विनंती.

हा जीव ‘अँफिपॉड’ नावाच्या गणातला. खेकडा, कोळंबी यांच्याच कवचधारी कुळातला. परंतु पाठीवर एकसंध ढाल नाही, अंग दोन्ही कुशींनी चेपलेले आणि पाठीला बाक आलेला. पायांच्या सात जोड्या. त्यांतील काही पुढे वळलेल्या, काही मागे. म्हणूनच त्याला ‘उभयपाद’ म्हणावे. कोकणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ओल्या वाळूवरचे शेवाळ पायाने सारले, की टुणटुण उड्या मारणारे जे बारीक जीव दिसतात, ते याच गणातले. आजवर या गणाच्या दहा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्या किनाऱ्यावर आहेत, नद्यांत आहेत, आणि सागराच्या अगदी खोल गर्तेतही आहेत.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत अटाकामा नावाची सागरी गर्ता आहे. २०२३ साली तेथे शास्त्रज्ञांनी ७,९०२ मीटर खोलीवर एक यंत्र उतरविले. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. यावरून या खोलीची कल्पना यावी. तेथे सूर्यकिरण पोचत नाही आणि पाण्याचा दाब आपल्या अंगावरील हवेच्या दाबाच्या सुमारे आठशे पट असतो. यंत्र म्हणजे वजने बांधलेली एक चौकट आणि तिच्यावर आमिष ठेवलेले सापळे. ती काही तास तळाशी बसते. जहाजावरून ध्वनीचा संकेत गेला की वजने सुटतात आणि चौकट तरंगत वर येते. त्या सापळ्यांत चार अनोळखी उभयपाद सापडले. लांबी जेमतेम चार सेंटिमीटर. तळाशी राहणारे त्यांचे बहुतेक भाऊबंद मेलेल्या प्राण्यांवर उपजीविका करतात. हा मात्र पुढच्या पकडीच्या पायांनी जिवंत भक्ष्य धरणारा शिकारी निघाला.

नवा जीव सापडला, की नवी जात सिद्ध झाली, असे मात्र नव्हे. खरे काम तेथून पुढे सुरू होते. नमुना मद्यार्कात जतन करावयाचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे अवयव एकेक करून सोडवावयाचे. मिशा, जबडे, पकडीचे पाय, चालण्याचे पाय, शेपटीचे पान, प्रत्येकाचे चित्र काढावयाचे. कोणत्या सांध्यावर किती काटे, कोणत्या कडेला किती केस, हे मोजून लिहावयाचे. अलीकडे आनुवंशिक द्रव्याची तुलनाही करतात. पूर्वी वर्णिलेल्या जातींशी हे सर्व ताडून पाहावयाचे. एक नमुना ‘प्रमाण-नमुना’ म्हणून संग्रहालयात ठेवावयाचा, म्हणजे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने तो उघडून पाहावा. साक्षीदार हजर केल्यावाचून साक्ष ग्राह्य नाही, असा हा शिस्तीचा दरबार आहे. या सर्व परीक्षेत उतरून २०२४ च्या अखेरीस त्या जीवाचे बारसे झाले: ‘डल्सिबेला कामांचाका’. जातच नव्हे, तर प्रजातीही नवी ठरली. ‘कामांचाका’ म्हणजे अँडीज पर्वतातील लोकांच्या भाषांत काळोख. दक्षिण महासागरातील एका भाऊबंदाला २०१५ साली मिळालेले नाव तर आपल्या कानाला अधिकच ओळखीचे आहे: ‘युरिथिनिस अंधकारे’.

नावाचे महत्त्व आपल्या सीमाभागातील माणसाला निराळे सांगावयास नको. एकाच गावाची दोन रूपे आपल्या पाट्यांवर आपण वाचतो. माशांचेही तसेच. मुंबईकडे जिला मुशी म्हणतात, तीच मालवणात मोरी. घरच्या व्यवहाराला ही नावे पुरेशी आणि गोडही. परंतु जपानचा शास्त्रज्ञ आणि गोव्याचा शास्त्रज्ञ एकाच जीवाविषयी बोलत आहेत की दोन वेगळ्या, हे त्यांवरून ठरत नाही. म्हणून लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राण्यांची दोन पदांची नावे प्रमाण मानतात, आणि एकाच जीवाला दोन नावे पडली तर सामान्यतः आधीचे टिकते. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात आदामाने गुरांना, पाखरांना व रानातील पशूंना नावे दिली, अशी कथा आहे. तीत माशांचा उल्लेख नाही. ते काम जणू पुढच्या पिढ्यांवर सोपविले गेले.

या कामात आपल्या बाजूचाही वाटा आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षणाचे जहाज १८८१ साली पाण्यात उतरले. त्यावरील शल्यवैद्य जी. एम. जाइल्स यांनी हिंदी समुद्रांतील अनेक नव्या उभयपादांची वर्णने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८८५ पासून प्रसिद्ध केली. पुढे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे आज गोव्यात दोना पावला येथे आहे, म्हणजे आपल्या म्हादईच्या मुखापाशीच.

आता कोणी विचारील, की काळोखातल्या चार सेंटिमीटरांच्या जीवाला नाव दिले वा न दिले, त्याने आपले काय अडले? त्याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर आपल्या कचऱ्यात आहे. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेत सहा हजार मीटरांहून अधिक खोलीवर २०१४ साली पकडलेल्या उभयपादांपैकी एकाच्या आतड्यात प्लास्टिकचा एक सूक्ष्म धागा सापडला. ज्या पदार्थाच्या पाण्याच्या बाटल्या करतात, त्याच्याशी तो सुमारे ८४ टक्के जुळत होता. २०२० साली त्या नव्या जातीचे वर्णन झाले, तेव्हा शास्त्रज्ञांनी तिचे नावच ‘युरिथिनिस प्लास्टिकस’ ठेवले. माणसाने तिला ओळखण्यापूर्वीच माणसाचा कचरा तिच्या पोटात पोचला होता. पुराच्या पाण्याबरोबर आपल्या ओढ्यांतून वाहून जाणारी बाटली कोठे जाते, हे मघाच्या नकाशावरून आपण ताडू शकाल.

दुसरे उत्तर खाणीचे. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी, पाच हजार मीटरांच्या आसपास, बटाट्याएवढे धातूचे गोळे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या जहाजाने हिंदी महासागरातून असे गोळे प्रथम वर काढले. पुढे भारताला शोधकार्यासाठी ७५,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र मिळाले. ते आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या पाचपटींहून मोठे आहे. या धातूंची गरज खरी आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांनाही ते लागतात. परंतु असा गोळा दहा लाख वर्षांत अवघे काही मिलिमीटर वाढतो, आणि त्याच्या आसऱ्याला जीव राहतात. तळ ढवळला तर त्यांचे काय होईल, हे पाहण्यासाठी आपल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली त्या क्षेत्राचा एक भाग मुद्दाम ढवळून तेथील जीवांचे निरीक्षण केले. हे योग्यच झाले. कारण उभयपादाची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वागविते. पिल्ले पाण्याबरोबर दूरदेशी वाहत जाणारी नसतात. त्यामुळे वरवर सारखे दिसणारे जीव ठिकठिकाणी निराळे निघतात. साऱ्या जगभर एकच म्हणून समजली गेलेली ‘युरिथिनिस ग्रिलस’ ही जात म्हणजे प्रत्यक्षात अनेक जाती आहेत, असे २०१३ साली आनुवंशिक अभ्यासातून दिसून आले. येथील नाहीसा झाला तर दुसरीकडे असेलच, असा भरवसा म्हणून धरता येत नाही.

धरणाखाली गाव जावयाचे असले, म्हणजे प्रथम घरांची यादी होते. ज्याचे नाव यादीत नाही त्याची दाद लागत नाही, हे कृष्णाकाठच्या माणसाला ठाऊक आहे. सागरतळाच्या यादीचे काम सूक्ष्मदर्शकापुढे बसून काटे आणि केस मोजणारी मंडळी करीत असतात. खाणीचा व्यापार अद्याप सुरू झालेला नाही. तोवर ही यादी जितकी पुरी होईल तितकी बरी. आपल्या मुलामुलींपैकी कोणाला चित्र काढण्याचा हात आणि बारीक पाहण्याची चिकाटी असेल, तर या कामाला माणसे हवी आहेत, एवढे त्यांना आवर्जून सांगावे.