ओस धांवपट्टी आणि अवकाशाचें बंदर

युद्ध संपलें म्हणजे सैन्य घरीं जातें, तोफा वितळविल्या जातात, जहाजें मोडीत निघतात. पण विमानतळ कोणाला उचलून नेतां येत नाहीं. कांक्रीट ओतून बांधलेली ती लांबच लांब पट्टी जेथल्या तेथेंच राहते. तिच्या सांध्यांतून गवत उगवतें, आणि ज्या गांवाचें पोट त्या तळावर चालत असे, त्या गांवांतील तरुण एकामागून एक परगांवची वाट धरूं लागतात. दुसऱ्या महायुद्धानें व त्यामागून आलेल्या शीतयुद्धानें इंग्लंड-अमेरिकेंत असे किती तरी तळ मागें टाकले. त्यांचें करावें काय, या प्रश्नाला गेल्या पंचवीस वर्षांत एक नवलाचें उत्तर पुढें आलें आहे. या तळांचे अवकाशतळ करावे, तेथून उपग्रह आकाशांत धाडावे, आणि मागें पडलेल्या प्रांताला नवा धंदा मिळवून द्यावा, असें तें उत्तर होय. तें कितपत खरें ठरलें हें पाहणें अगत्याचें आहे. कारण त्यांत केवळ विज्ञानाची हौस नसून गरीब प्रांतांचा सार्वजनिक पैसा गुंतलेला आहे.

प्रथम धांवपट्टीचा आणि अग्निबाणाचा संबंध काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. उपग्रहानें पृथ्वीभोवतीं फिरत राहावें, खालीं पडूं नये, यासाठीं त्याला सेकंदाला सुमारें ७.८ किलोमीटर वेग द्यावा लागतो. जमिनीवरून निघालेल्या अग्निबाणाला आरंभीं खालच्या दाट हवेंतून वाट काढावी लागते, आणि त्यांत बरेंच इंधन खर्चीं पडतें. विमान ३५,००० फूट उंचीवर गेलें, कीं वातावरणाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग पायाखालीं राहतो. यास्तव कांहीं शास्त्रज्ञांनीं अशी युक्ति काढली, कीं मोठ्या विमानाच्या पंखाखालीं अग्निबाण बांधावा, विमान समुद्रावर न्यावें, तेथें अग्निबाण सोडून द्यावा, आणि तो खालीं पडूं लागतांच त्याचें इंजिन पेटवावें. या पद्धतीला उंच मनोरे लागत नाहींत कीं आगीचे लोट वळविणारे खंदक लागत नाहींत. लागते ती लांब व भक्कम धांवपट्टी, इंधन साठविण्याची सोय, आणि जवळपास मोकळा समुद्र किंवा ओसाड प्रदेश. जुन्या लष्करी तळावर यांतल्या बहुतेक गोष्टी आयत्या मिळतात.

तथापि या युक्तीला मर्यादाहि आहेत. विमानाचा वेग सेकंदाला जेमतेम पाव किलोमीटर. बाकीचा सर्व वेग अग्निबाणालाच मिळवावा लागतो. शिवाय विमानाच्या पंखाला जेवढा भार पेलवेल तेवढाच अग्निबाण नेतां येतो. जमिनीवरून सुटणारे प्रचंड अग्निबाण कित्येक टन माल नेतात. जानेवारी २०२१ मध्यें अशा एकाच अग्निबाणानें एका खेपेंत १४३ उपग्रह वर नेले. भरलेली आगगाडी आणि एकट्याचा टांगा यांच्या भाड्यांत जो फरक, तोच येथेंहि पडतो. टांगा दाराशीं येतो हें खरें. परंतु भाडें परवडणारीं गिऱ्हाइकें थोडीं. ही गोष्ट पुढील हकीगत समजण्यास उपयोगी पडेल.

या कल्पनेला पहिलें यश आलें तें कॅलिफोर्नियांतील मोहावी येथें. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस वाळवंटांत हा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या नौसैनिकांनीं तेथें वैमानिक शिकविले. १९६१ सालीं लष्कर निघून गेलें आणि तळ स्थानिक लोकांच्या हातीं आला. त्यांनीं प्रथम अवकाशाचें नांवहि काढलें नाहीं. वाळवंटांतील कोरड्या हवेंत धातु गंजत नाहीं, म्हणून कामावर नसलेलीं प्रवासी विमानें तेथें आणून उभीं करूं लागले. पुढें विमानांच्या चांचण्या घेणारे आले, चांचणी-वैमानिकांची शाळा निघाली, आणि बर्ट रुटन यांच्यासारखा कल्पक विमानरचनाकार तेथें स्थायिक झाला. जून २००४ मध्यें या तळाला अवकाशतळाचा सरकारी परवाना मिळाला, आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेस रुटन यांच्या 'स्पेसशिपवन' या यानांतून माइक मेलव्हिल हा वैमानिक १०० किलोमीटरची सीमा ओलांडून सुखरूप परत आला. त्याच यानानें ४ ऑक्टोबर रोजीं १ कोटि डॉलरचें पारितोषिकहि जिंकलें. या यशाला किंमतहि द्यावी लागली. २००७ सालीं चांचणीच्या वेळीं स्फोट होऊन तीन कामगार मृत्यु पावले, आणि २०१४ सालीं एक अवकाशविमान हवेंतच तुटून त्याचा एक वैमानिक दगावला. तरीहि मोहावी टिकलें. कारण अवकाशाच्या धंद्याला मंदी आली तरी विमानांचा धंदा चालू होता.

आतां दुसरें उदाहरण पाहूं जातां चित्र पालटतें. ओक्लाहोमा संस्थानांत बर्न्स फ्लॅट नांवाचें एक छोटें गांव आहे. त्याच्या कडेला क्लिंटन-शर्मन हा अमेरिकन हवाईदलाचा तळ होता. मोठीं बॉम्बफेकी विमानें उतरावीं म्हणून तेथें १३,५०० फुटांहून अधिक लांब व ३०० फूट रुंद धांवपट्टी बांधली होती. १९६९ च्या अखेरीस तळ बंद झाला आणि गांवाचा आधार गेला. १९९९ सालीं संस्थान सरकारनें अवकाश-उद्योगासाठीं एक स्वतंत्र मंडळ स्थापिलें. २००६ सालीं परवानाहि मिळाला. प्रवाशांना अवकाशाच्या कडेपर्यंत नेऊं म्हणणाऱ्या एका कंपनीला सरकारनें सुमारें १ कोटि ८० लक्ष डॉलरच्या करसवलती दिल्या. पण तिचें अवकाशविमान कधीं उडालेंच नाहीं, आणि २०१० सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. धांवपट्टीवर सरावासाठीं हवाईदलाचीं विमानें उतरत राहिलीं, तेवढाच तिचा उपयोग. अवकाशाचें बंदर तयार होतें, पण गलबतच आलें नाहीं. मंडळानें मात्र आशा सोडलेली नाहीं. २०२५ सालीं त्यानें न्यूझीलंडमधील एका कंपनीशीं, माणसांशिवाय उडणारें एक छोटें अवकाशविमान १ कोटि ७० लक्ष डॉलरला घेण्याचा करार केला.

सर्वांत शिकण्यासारखी कथा कॉर्नवॉलची आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस समुद्रांत घुसलेलें हें टोंक एके काळीं कथील व तांबें यांच्या खाणींसाठीं जगप्रसिद्ध होतें. खाणी बुडूं लागल्या तेव्हां तेथील खाणकामगार पोटासाठीं जगभर पांगले; म्हैसूर संस्थानांतील कोलारच्या सोन्याच्या खाणींतहि ते आले होते. १९९८ सालीं साउथ क्रॉफ्टी ही अखेरची कथलाची खाण बंद झाली. उन्हाळ्यांत येणाऱ्या प्रवाशांच्या जिवावर वर्ष काढावयाचें, आणि हिंवाळ्यांत हात चोळीत बसावयाचें, अशी पुष्कळांची स्थिति झाली. ब्रिटनमधील अत्यंत गरीब प्रदेशांत कॉर्नवॉलची गणना होऊं लागली, व यूरोपीय संघाकडून त्याला खास साहाय्य मिळूं लागलें.

न्यूकी शहराजवळ सेंट मॉगन नांवाचा हवाईदलाचा तळ महायुद्धांत बांधला गेला होता. त्याची धांवपट्टी २,७४४ मीटर लांब आहे. शीतयुद्धांत तेथून रशियन पाणबुड्यांवर नजर ठेवणारीं विमानें उडत असत. २००८ च्या अखेरीस हवाईदलानें हें विमानक्षेत्र सोडून स्थानिक कौन्सिलच्या स्वाधीन केलें. याच प्रांतांत गूनहिली येथें १९६२ सालीं 'टेलस्टार' उपग्रहाचे संदेश झेलणारें केंद्र उभारलें होतें. तेव्हां अवकाशाशीं कॉर्नवॉलचें नातें अगदींच नवें नव्हतें. त्यांतून ब्रिटनचा स्वतःचा अग्निबाण १९७१ सालीं उपग्रह घेऊन उडाला होता, तो ऑस्ट्रेलियांतून. स्वतःच्या भूमीवरून उपग्रह धाडण्याचा मान कोणी मिळवावयाचा, हा प्रश्न मोकळाच होता.

कॉर्नवॉलनें तो मान मिळविण्याचें ठरविलें. २०१९ सालीं कौन्सिलनें १ कोटि २० लक्ष पौंडांपर्यंत खर्चास मान्यता दिली. ब्रिटिश अवकाश संस्थेनें आणखी ७८ लक्ष पौंडांचें साहाय्य देऊं केलें. विरोधहि झाला. ज्या कौन्सिलनें त्याच वर्षीं हवामानाचें संकट जाहीर केलें, तिनेंच अग्निबाणांवर पैसा उधळावा काय, असें लोक विचारूं लागले. घरें, रस्ते, दवाखाने यांना पैसा पुरत नसतां हा थाट कशाला, असाहि आक्षेप होता. पुरस्कर्ते म्हणत, कीं मुलांना शिकून-सवरून गांवांतच राहतां येईल असें काम दुसऱ्या कोणत्या मार्गानें आणणार? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत तथ्य होतें, आणि म्हणूनच तो वाद खरा होता.

९ जानेवारी २०२३ च्या रात्रीं 'कॉस्मिक गर्ल' नांवाचें बोइंग ७४७ विमान पंखाखालीं अग्निबाण घेऊन न्यूकीहून उडालें. थंडींत सुमारें दोन हजार माणसें तें पाहावयास जमलीं होतीं. आयर्लंडच्या दक्षिणेस समुद्रावर अग्निबाण सुटला, पहिल्या टप्प्यानें आपलें काम चोख केलें. पण दुसऱ्या टप्प्यांत बिघाड झाला, आणि नऊ उपग्रह नष्ट झाले. ओमान देशाचा पहिला उपग्रह त्यांतच होता. इंधनाच्या मार्गांतील एक गाळणी जागची सुटली, त्यामुळें इंजिनाला इंधन नीट पोंचलें नाहीं व तें तापलें, असें तपासांत दिसून आलें. त्या गाळणीची किंमत शंभर डॉलरच्या आसपास असावी, असें कंपनीच्या प्रमुखानेंच सांगितलें. याच विमानानें नेलेले याच जातीचे अग्निबाण त्यापूर्वीं चार वेळां मोहावीहून यशस्वी झाले होते. परंतु व्हर्जिन ऑर्बिट या कंपनीच्या तिजोरींत दुसरी खेप सोसण्याइतकें द्रव्य उरलें नव्हतें. ४ एप्रिल २०२३ रोजीं तिनें दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचीं यंत्रें व इमारती लिलांवांत निघाल्या, आणि तें विमान मोहावीच्याच दुसऱ्या एका कंपनीनें विकत घेतलें. न्यूकीची धांवपट्टी होती तेथेंच राहिली.

या तिन्ही हकीगती शेजारीं ठेवल्या असतां कांहीं गोष्टी स्पष्ट होतात. अग्निबाण फसणें हें कांहीं विशेष नाहीं. नव्या अग्निबाणाचीं पहिलीं उड्डाणें बहुधा फसतात. कॉर्नवॉलचें दुखणें निराळें होतें. तेथील सारी आशा एका कंपनीच्या एका विमानाला टांगलेली होती, आणि ती कंपनी पाहुणी होती. पाहुणा निघून गेला, तेव्हां मांडव तेवढा मागें राहिला. उलट मोहावीनें 'आधीं पोटोबा मग विठोबा' ही म्हण जाणून असल्याप्रमाणें वागणूक ठेवली. फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिलजवळ सेसिल फील्ड हा नौदलाचा तळ १९९९ सालीं बंद झाला, तेव्हां तेथील लोकांनींहि आधीं विमानदुरुस्तीचे कारखाने आणले आणि अवकाशतळाचा परवाना २०१० सालीं घेतला. तेथून उपग्रह उडाले नाहींत, तरी कारागिरांच्या चुली पेटत राहिल्या.

यावरून अवकाशतळ हें खूळ आहे, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. उपग्रह बांधणें, त्यांचे संदेश घेणें, त्यांचीं यंत्रें तपासणें हीं कामें वर्षभर चालतात, आणि त्यांत उड्डाणाच्या एका रात्रीपेक्षां कितीतरी अधिक माणसांना रोजगार मिळतो. गूनहिलीचे पंखे आजहि दूरच्या यानांशीं संभाषण करीत आहेत, हेंच याचें प्रमाण. सार्वजनिक पैसा घालणाऱ्या प्रांतानें मात्र आधीं तीन प्रश्न विचारले पाहिजेत. अग्निबाण उडाला नाहीं त्या दिवशीं या तळावर कोणाला काम मिळेल? आलेली कंपनी उद्यां गेली तर येथल्या मुलांच्या हातांत कोणती विद्या उरेल? आणि नुकसान झालें तर तें कोण सोसणार, कंपनी कीं करदाता? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर जुन्या धांवपट्टीवरील गवत अवश्य काढावें. तीं तशीं नसलीं, तर गवतावर गुरें चारणें हाच त्या प्रांताच्या दृष्टीनें अधिक शहाणपणाचा व्यवहार ठरेल.