खिळ्यापासून फाइलपर्यंत



बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला, तो काळ शिशाच्या खिळ्यांचा. जुळारी एकेक खिळा वेचून ओळ बांधी. अंक छापून झाला की जुळणी सोडली जाई आणि खिळे आपापल्या घरांत परतत. मजकूर उरे तो कागदावरच.

मासिकाची मुद्रिते तपासण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. १९९०च्या दशकात आमच्या हाती संगणक आला, पेजमेकर आला, पुण्यात सिद्ध झालेली श्रीलिपी आली. आधी पाने बटर पेपरवर काढून त्यांच्या प्लेटा करीत. पुढे पीडीएफ फाइलच मुद्रकाकडे जाऊ लागली. श्रम वाचले, चूक क्षणात दुरुस्त होऊ लागली. अंक आता कायमचा जपला गेला, असे आम्ही मानले.

तो आमचा भ्रम होता. काही वर्षांनी जुना अंक उघडला, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसला. कारण साधे होते. त्या काळचे टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. त्यांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असे. टंक गेला की मराठीही गेली.

१९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला. मग टंक कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. परंतु जुना मजकूर त्यात आणणे केवळ यंत्रावर सोपविता येत नाही. ‘कवि’ लिहिताना जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी साठविली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. रूपांतरात चुका राहतातच. मुद्रितशोधकाला तेथे सुट्टी नाही.

ही केवळ तंत्राची गोष्ट नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. येथील मराठी माणसाने काय लिहिले, कशासाठी लिहिले, याची साक्ष येथील दिवाळी अंकांत आणि मासिकांत आहे. ती दुसरा कोणी जपील, या भरवशावर आपण राहू नये.

म्हणून संपादकांना माझी विनंती आहे. प्रत्येक अंकाची छापील प्रत वाचनालयास द्यावीच. सोबत त्याची पीडीएफ आणि युनिकोडमधील मजकूरही द्यावा. जुन्या टंकाच्या पीडीएफमध्ये पान दिसते, पण शब्द शोधता येत नाही. वाचनालयाने या फाइली दोन निरनिराळ्या जागी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात.

आमचा तो हरवलेला अंक अखेर सापडला, तो एका वाचनालयाच्या कपाटात, सुताने शिवलेल्या बाडात. त्याच प्रतीवरून तो आम्ही पुन्हा टंकलिखित केला. शंभर वर्षे अशी बाडे सांभाळणाऱ्या या वास्तूच्या हाती आता फाइलीही निश्चिंतपणे सोपवाव्यात, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.