यंत्र कळले, आता कारभारही कळू द्या
(विहाराच्या वर्धापनदिनी तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला सांगितले, कॉलेजात कॉम्प्युटरचे काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी दोन शब्द बोला. आम्ही साचेखात्यातली माणसं. शाळा अर्ध्यावर सुटली, वाचन रात्रपाळीनंतर केलं. कॉम्प्युटर आम्हाला चालवता येत नाही. पण यंत्राजवळचा माणूस वर का चढत नाही, हे आम्ही तीस वर्षं पाहिलंय. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

गिरणीत नुसत्या आवाजावरून साच्याचं दुखणं ओळखणारे कामगार होते. ते फार तर जॉबर व्हायचे. मास्तर मात्र टेक्स्टाइलचा कागद घेऊन बाहेरून यायचा. कामगाराला साचा कळत होता. खर्च किती, माल किती, माणसं कशी लावायची, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

आज कॉलेजात तेच दिसतं. आपल्या वस्तीतला एक मुलगा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कंत्राटावर आहे. प्रवेश, परीक्षेचे फॉर्म, शिष्यवृत्ती, सगळ्याला त्याचा हात लागतो. मागे वस्तीतल्या काही मुलींचे महाडीबीटीचे अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्येच अडकून पडले. मुदतीला दोन दिवस उरलेले. हा क्लार्कसोबत रात्री उशिरापर्यंत बसला आणि अर्ज पुढे गेले. नाहीतर त्यातल्या एकीचं शिक्षण तिथंच थांबलं असतं. म्हणून आम्ही म्हणतो, ही माऱ्याची जागा आहे. पण आठ वर्षं झाली, मुलगा त्याच खुर्चीत.

कारण समजून घ्या. प्राध्यापकाला पदोन्नतीची शिडी आहे. कायम कर्मचाऱ्यासाठी आश्वासित प्रगती योजना आहे. पण तिच्यात पगाराची पायरी चढते, काम तेच राहतं. कंत्राटी माणसाला दोन्ही नाही.

आणि हे काम काही कालचं नाही. १९८६ साली एर्नेट सुरू झालं, त्याने देशातल्या मोठ्या संस्थांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. त्यात मुंबईच्या दोन संस्था होत्या, पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं इन्फ्लिबनेट १९९१ साली पुण्याच्या आयुकाच्या छायेत जन्मलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळं कॉलेज मोबाईलवर आलं. शिकवणारे दिसले; चालवणारे दिसले नाहीत.

इंग्लंडातही हेच दुखणं होतं. संशोधनासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना विद्यापीठात धड पदनामसुद्धा नव्हतं. २०१२ साली काही जण एकत्र बसले आणि त्यांनी स्वतःच नाव ठरवलं, रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर. नाव आलं, मग संघटना आली, हळूहळू पदंही आली. २०१७ साली तिथल्या विद्यापीठांनी आपल्या तंत्रज्ञांसाठी एक जाहीर वचननामा स्वीकारायला सुरुवात केली. त्यात चार गोष्टी: तंत्रज्ञ लोकांना दिसला पाहिजे, त्याला मान मिळाला पाहिजे, त्याची वाढ झाली पाहिजे आणि त्याचं कौशल्य पुढच्या पिढीत टिकलं पाहिजे. मित्रांनो, हे चारही शब्द आपल्याला लागू आहेत.

मग आपण काय करायचं? पहिलं, कागद पुरा करा. वर्षं नुसती भरून पद मिळत नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, स्वयमचे कोर्स २०१७ पासून घरबसल्या फुकट शिकता येतात. दुसरं, केलेल्या कामाची वही ठेवा. काय बंद पडलं, किती वेळात सुरू केलं, कॉलेजचे किती पैसे वाचले. तोंडी काम विसरलं जातं, लिहिलेलं काम बैठकीत मांडता येतं. तिसरं, खर्चाचं गणित शिका. "मशीन जुनी झाली" म्हणू नका; "एवढ्या खर्चात एवढ्या विद्यार्थ्यांची सोय होईल" अशी टिपणी प्राचार्यांपुढे ठेवा. चौथं, जे कायम आहेत त्यांनी निवडणुकीला उभं राहावं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी असतो. ती खुर्ची रिकामी सोडू नका. तिथं कंत्राटी भावंडांचाही प्रश्न मांडा.

शेवटचं सांगताना जीभ जड होते. साच्याची एक खुबी फक्त आम्हालाच ठाऊक होती. एका बदली कामगाराने विचारली, आम्ही सांगितली नाही. वाटलं, सांगितली तर आपली किंमत जाईल. पुढे आम्ही आजारी पडलो, तो साचा आठ दिवस अडला आणि त्या पोराची मजुरी बुडाली. आमची किंमत काही वाढली नाही. परत गेलो तर तो आमच्याशी बोलेना.

तेव्हा पासवर्ड मुठीत धरून कुणी पुढारी होत नाही. हाताखाली दोघांना तयार करा. तुमच्या गैरहजेरीतही अर्ज अडकला नाही, तर समजा तुम्ही वर चढलात. तुम्हाला नवं काम घ्यायला हात मोकळा झाला आणि त्या मुलीचं शिक्षणही वाचलं.