मुक्या जिवाचे ऋण आणि माणसाचा पाय



पायातील रक्तवाहिनीचा विषय राजकीय कार्यकर्त्यांपुढे कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष, शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे वऱ्हाडचे नित्याचे विषय. परंतु ज्याचे सारे भांडवल दोन हात आणि दोन पाय एवढेच आहे, त्याच्या पायाचा प्रश्न हा वैद्यकाइतकाच अर्थकारणाचाही प्रश्न असतो. सावकाराचा पाय गेला तर तो गादीवर बसून हिशेब पाहू शकतो. निंदणाला जाणाऱ्या मजुराचा पाय गेला की घरातली चूल विझते.

रोग साधा वाटतो आणि म्हणूनच फसवतो. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत चरबीचा आणि चुन्याचा थर बसतो. चार पावले चालले की पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते. घरात 'वात' म्हणून तेल चोळले जाते. पुढे रात्री झोपेतही पाय दुखू लागतो, अंगठ्याची जखम भरत नाही, बोट काळे पडते. अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात माणूस पोचतो तेव्हा पाय वाचवण्याची वेळ पुष्कळदा निघून गेलेली असते. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि वाढते वय ही याची मुख्य कारणे. बिडी ओढणाऱ्या तरुणांना होणारा बर्जरचा रोग याहून वेगळा. त्यात अगदी बारीक धमन्या बंद पडतात, तेथे स्टेंटचा फारसा उपयोग नाही आणि तंबाखू सोडणे हाच मुख्य उपाय.

मोठ्या धमनीतील अडथळ्यासाठी मात्र गेल्या साठ वर्षांत मार्ग निघाला. १९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या मांडीतील अरुंद धमनी आतून नळी सारून रुंद केली. त्या बाईने पाय कापून घेण्यास नकार दिला होता. तिचा पाय वाचला. रुंद केलेली धमनी पुन्हा मिटू नये म्हणून आत आधार हवा, हा पुढचा विचार. १९६९ साली डॉटर यांनी कुत्र्यांच्या गुडघ्यामागील धमनीत तारेच्या गुंडाळ्या बसवल्याचे प्रसिद्ध केले. अर्जेंटिनात जन्मलेल्या हुलिओ पाल्माझ यांनी १९८० नंतर फुगवता येणारी धातूची जाळी प्रथम कुत्र्यांवर तपासली. १९९१ साली अमेरिकेत कटिभागातील धमनीसाठी तिला मान्यता मिळाली. आज पाय वाचलेल्या प्रत्येक रुग्णामागे अशा कित्येक मुक्या जिवांचे ऋण आहे. ते नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही.

येथे दोन टोकाची मते मांडली जातात. एक म्हणते, प्राण्यांवरील सर्व चाचण्या आजच बंद करा. दुसरे म्हणते, विज्ञानाच्या कामात दयेची भाषा नको. वऱ्हाडाला या वादात कोणाकडून उसनी शिकवण घेण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि १९५६ साली वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी जत्रेतील पशुबळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तन केले. त्याच बाबांनी मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. बोकडाची मान आणि रोग्याची खाट या दोहोंची चिंता त्यांच्या ठायी एकत्र नांदली. नवसाचा बळी कोणाचेच दुःख कमी करत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. हीच कसोटी प्रयोगशाळेला लावली पाहिजे: या जिवाच्या वेदनेतून कोणाचे दुःख खरोखर कमी झाले?

कधी ते निश्चितपणे कमी होते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी हृदयझडप तयार होत होती. तिचे आधीचे आराखडे एकामागून एक फसले. मेंढ्यांवरील चाचणीपर्यंत पोचलेला एक आराखडाही दोष दिसल्यावर सोडून द्यावा लागला. चौथा आराखडा उतरला आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. तो दोष मेंढीत दिसला नसता तर माणसात दिसला असता, आणि ते माणूस बहुधा सरकारी रुग्णालयातले गरीब माणूस असते.

परंतु प्राण्यांवरील चाचणी सर्व काही सांगत नाही, हेही तितकेच खरे. पायाच्या स्टेंटसाठी बहुधा डुकराची धमनी वापरतात. धातू शरीराला मानवतो का, रक्ताची गुठळी होते का, धमनीच्या आवरणाला किती इजा होते, हे तेथे कळते. पण ते जनावर तरुण आणि निरोगी असते. त्याच्या धमनीत चाळीस वर्षांच्या तंबाखूचा थर नसतो, चुन्याचे खडे नसतात, मधुमेह नसतो. डुकराची जखम चार आठवड्यांत जेवढी भरून येते, तेवढी भरायला माणसाला कित्येक महिने लागतात. आणखी एक गोष्ट आहे, जी वऱ्हाडातील कोणतीही मजूर स्त्री सांगू शकेल. ती दिवसभर उकिडवी बसून निंदण करते. गुडघा पूर्ण दुमडतो तेव्हा मागची धमनीही दुमडते आणि पिळली जाते. डुक्कर उकिडवे बसत नाही. मांडीतील स्टेंट हालचालीने मोडतात, ही गोष्ट २००० नंतरच्या काही वर्षांत रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांतून ठळक झाली. त्यानंतर स्टेंट लक्षावधी वेळा वाकवून-पिळून पाहणाऱ्या यंत्रांच्या कसोट्यांना महत्त्व आले. म्हणजे जेथे यंत्र अधिक सांगते तेथे जनावर नको, आणि जेथे जनावर अपुरे आहे तेथे त्याच्या नावाने दिलेली ग्वाही नको.

औषध लावलेल्या फुग्यांची आणि स्टेंटची हकीकत याच दिशेने जाते. डिसेंबर २०१८ मध्ये अनेक चाचण्यांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. पॅक्लिटॅक्सेल लावलेली साधने पायात वापरलेल्या रुग्णांत काही वर्षांनी मृत्यू अधिक दिसतात, असे तिचे म्हणणे होते. जगभर खळबळ उडाली. पुढे अधिक रुग्णांच्या अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्यावर जुलै २०२३ मध्ये अमेरिकी नियंत्रकांनी ती भीती पुराव्याला धरून नसल्याचे सांगितले. शंका उत्पन्न झाली ती रुग्णांच्या नोंदींतून आणि मिटली तीही त्यांतूनच. जेथे नोंदच ठेवली जात नाही, तेथे शंका उत्पन्नही होत नाही आणि मिटतही नाही.

आता कायद्याकडे पाहू. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या संसदेतील प्रयत्नांतून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. प्रयोगांवरील देखरेखीचे नियम १९९८ साली झाले. प्रत्येक संस्थेच्या प्राणी-नीती समितीत एक सामाजिक जाणीव असलेला, वैज्ञानिक नसलेला सदस्य असावा, अशी तरतूद आहे. जनावरांचा पर्याय शोधावा, त्यांची संख्या कमी करावी, वेदना घटवावी, या जगन्मान्य तीन तत्त्वांना भारताने चौथे जोडले: प्रयोगानंतरचे पुनर्वसन. तरतूद उत्तम आहे. पण त्या खुर्चीवर सही करणारा बसला आहे की प्रश्न विचारणारा, यावर तिचे सारे मोल ठरते.

राहिला किमतीचा प्रश्न. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपये. हे न्यायालयीन लढ्यामुळे आणि जनमताच्या रेट्यामुळे घडले. पायाचे स्टेंट मात्र त्या आदेशाच्या कक्षेबाहेर राहिले. जीव वाचवणारी वस्तू अत्यावश्यक आणि पाय वाचवणारी ऐच्छिक, हा भेद खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या डोक्यातून आलेला आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही मागण्या हाती घ्याव्यात. प्राण्यांवरील चाचण्यांचे निष्कर्ष, यशाचे तसेच अपयशाचेही, सार्वजनिक व्हावेत. लपवलेल्या अपयशामुळे तीच वेदना दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा दिली जाते. ज्या ज्ञानाची किंमत मुक्या जिवाने मोजली, ते एका कंपनीच्या कपाटात बंद राहणे अन्यायाचे आहे. पायाच्या स्टेंटवरही किमतीची मर्यादा यावी. जिल्हा रुग्णालयांत कापलेल्या प्रत्येक पायाची आणि बसवलेल्या प्रत्येक स्टेंटची नोंद व्हावी, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत साधनाचे नाव व क्रमांक मिळावा. २०१२ साली राज्याची जीवनदायी योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आली, त्यांत अमरावती होता. नोंदवहीचा आरंभही येथूनच होऊ शकतो. अकोल्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाही आहे. माणसाचे डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर आणि नागरिक यांनी एका मांडवाखाली या विषयावर बोलायला तेथे अडचण नसावी.

शेवटी, सर्वांत स्वस्त उपाय विसरू नये. १९४६ साली शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले आणि कुष्ठरोग्यांची सेवा केली. बधिर पायाला रोज पाहावे, धुवावे, योग्य पादत्राण द्यावे, हा कुष्ठसेवेचा धडा मधुमेह्यालाही लागू आहे. कार्यकर्त्याने गावात बैठकीला गेल्यावर चालताना कोणाची पोटरी दुखते एवढे विचारले आणि त्या माणसाला वेळेवर रुग्णालयात धाडले, तरी एखादा पाय वाचेल, आणि कदाचित एखाद्या मुक्या जिवाची वेदनाही.