महामारीतील घर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



महामारीच्या दिवसांतील कुटुंबजीवनावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही पडलो शाळामास्तर. बोलणे लांबल्यास घंटा वाजवावी, अशी विनंती त्यांस आधीच करून ठेविली आहे.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे गावोगावची माणसे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहिली, हे आम्ही आजीच्या तोंडून ऐकले होते. 2020 साली उलट प्रकार झाला. घराबाहेर पडू नये असा हुकूम निघाला. कायदा मात्र तोच, 1897 सालचा.

टाळेबंदीचा पहिला दिवस, 25 मार्च, नेमका गुढीपाडव्याचा. पाडव्यासाठी पुण्याहून आलेला मुलगा, सून व नातू आमच्याकडेच अडकले. धाकट्या बंधूंचे चौघे व आम्ही उभयता धरून चार खोल्यांत नऊ माणसे झाली. साठी उलटल्यामुळे आमची रवानगी मागच्या खोलीत झाली. ताट उंबऱ्यापाशी येई. ज्या घराचा कारभार आम्ही पाहिला, त्यात आम्ही जपून ठेवण्याची वस्तू झालो. उंबऱ्यापलीकडे बसवून नातवास पावकी-निमकी शिकविली, तेवढाच काय तो विरंगुळा. पुरुषमंडळी दिवसभर घरात असल्यावर चुलीस विसावा कसा तो मिळाला नाही, हे भगिनींस सांगावयास नकोच.

आम्हांस ज्येष्ठ म्हणून मार्च 2021 मध्ये लस मिळाली. धाकटे बंधू तिच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीच एप्रिलमध्ये गेले. देह घरी आला नाही. त्यांच्या मुलाने व आम्ही दुरूनच हात जोडले. शेजाऱ्यांनी पिठले-भाकरीचा डबा फाटकावर ठेवून दुरूनच हाक दिली. दहावा गुरुजींनी मोबाईलवरून सांगितला.

त्या दिवशी भावजयीच्या बांगड्या फोडण्यास व कुंकू पुसण्यास कोणीच बाया येऊ शकल्या नाहीत. आमच्या सौभाग्यवतींनी तेवढ्यात सांगून टाकले, "हिच्या हातास कोणी हात लावायचा नाही." तसेच राहिले.

निर्बंध सैल झाल्यावर समाचारास आलेल्या काही वडीलधाऱ्यांनी, "राहिलेले आता उरकून घ्या," असे सुचविले. आम्ही त्यांस नम्रपणे विचारले : चार खांदे मिळाले नाहीत, ते आपण आपद्धर्म म्हणून चालवून घेतले. पंचवीस माणसांत, दोन तासांत लागलेली लग्नेही आपण मान्य केली. मग चालीरीतीची सगळी बाकी एकट्या या बाईकडूनच का वसूल करावयाची? यावर कोणी उत्तर दिले नाही. एक गृहस्थ मात्र चहा न घेताच उठले.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेविला. एका खेडेगावास जे साधले, त्याचा विचार आपल्या मंडळाने अद्याप केलेला नाही. महामारीने ज्यांचे धनी नेले, अशा भगिनी आपल्यातही आहेत. कित्येक तर अवघ्या तिशी-चाळिशीच्या.

महिला शाखेच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची पत्रिका लवकरच छापावयास जाईल. तीत दरवर्षी 'सर्व सुवासिनींनी अगत्य यावे' असे असते. तेथे 'सर्व भगिनींनी' असे छापावे, अशी सूचना आम्ही मांडतो. अनुमोदन कोणी द्यावे, हे सभेने ठरवावे.