डबक्यातला जिवाणू आणि सूर्याचा किरण



साचलेल्या डबक्यांच्या तळाशी जांभळ्या रंगाचे जिवाणू राहतात. वरचे शेवाळ दिसणारा प्रकाश बराचसा आधीच खाऊन टाकते. खाली उरतो तो आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. या उष्ट्यावर त्यांचा संसार चालतो.

तो कसा चालतो? १९९५ साली ग्लासगोचे रिचर्ड कॉगडेल व त्यांचे सहकारी यांनी अशा एका जिवाणूच्या प्रकाश वेचणाऱ्या प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी उलगडली. आत हरितद्रव्याचे २७ रेणू दोन वलयांत मांडलेले आढळले. एकात ९, दुसऱ्यात १८. पहिले वलय ८०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी टिपते, दुसरे ८५०. लहर जितकी लांब तितकी ऊर्जा कमी. म्हणून ऊर्जा नवांकडून अठरांकडे, तेथून शेजारच्या ८७५ च्या वलयाकडे उतरते आणि त्याच्या मध्यावरील केंद्रात पोहोचते. तेथे तिचे विद्युतभारात रूपांतर होते.

या प्रवासात कोणताही कण रेणूतून रेणूत जात नाही. सतारीची वरची तार छेडली की त्याच सुरात लावलेली तरफ आपोआप झंकारते, काहीसे तसेच हे आहे. रेणूतील चेतना सेकंदाच्या सुमारे अब्जाव्या भागात विझते. पण नवांकडून अठरांकडची उडी त्याच्याही सुमारे हजाराव्या भागात पुरी होते. एवढ्या घाईमुळेच फारसे काही वाया जात नाही.

२००७ साली बर्कले येथील शास्त्रज्ञांना हिरव्या गंधक-जिवाणूच्या प्रथिनात, उणे १९६ अंश तापमानात, विलक्षण आंदोलने दिसली. ऊर्जा सर्व वाटा एकदम चाचपून उत्तम वाट निवडते, अशी वार्ता जगभर झाली. पुढे अधिक काटेकोर प्रयोग झाले आणि ती आंदोलने मुख्यतः रेणूंच्या स्वतःच्या कंपनांची ठरली. वलयातली चेतना एकाच वेळी अनेक रेणूंत वाटलेली असते, हे मात्र खरेच राहिले.

यात शास्त्राची नाचक्की झाली, असे कोणी समजू नये. मोहक कल्पना शास्त्रज्ञांनीच तपासली आणि शास्त्रज्ञांनीच सोडली. उरले ते साधे सत्य : योग्य अंतर, योग्य मांडणी आणि थोडा उतार. डबक्यातल्या जिवाणूला तेवढे पुरते.